अण्णांची शून्य केबीची फाइल

माझ्याकडे एक फाइल आहे. तिचं नाव इंग्रजी अक्षरांत ‘अण्णा’ असं आहे आणि आकार शून्य केबी. आजवर चार कॉम्प्युटर बदलले, दर वेळी ही फाइल जुन्या मशीनवरून नव्यावर नेली. ती कशातच उघडत नाही. नवं मशीन लावून द्यायला येणारा माणूस विचारतो, “मॅडम, ही रिकामी आहे, उडवू का?” आणि मी त्याच्यावर उगाचच खेकसते. त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. उडवण्याचं काम मी फार पूर्वी स्वतःच्या हातांनी करून ठेवलेलं आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते बोर्ड रंगवायचे. आम्ही सिडकोत राहायचो आणि अंबडच्या कारखान्यांत तेव्हा सतत काहीतरी लिहायचं असायचं. ‘धोका’, ‘आत येण्यास मनाई’, ‘वाहने येथे उभी करू नयेत’, गोदामांवर दोन दोन फूट उंचीचे आकडे. सायकलच्या मागे रंगाचे डबे बांधून अण्णा सकाळी निघायचे आणि दुपारी टर्पेंटाइनच्या वासासकट परत यायचे. त्यांच्या अक्षरांत काय होतं ते मला शब्दांत सांगता येत नाही, आणि त्याचंच दुःख आहे. एवढं सांगू शकते, की त्यांचा ‘ळ’ बसलेला असायचा. बाकीच्या पेंटरांचा ‘ळ’ दोन अंडी चिकटवल्यासारखा लोंबतो. अण्णांचा ‘ळ’ नीट मांडी घालून रेघेखाली बसायचा. कोणाच्याही बोर्डावर ‘शाळा’ किंवा ‘फळे’ लिहायचं आलं की अण्णा खुश. “आज दोन ‘ळ’ आहेत,” असं ते सकाळी चहा पिताना सांगायचे, जसं एखाद्याने आज जेवायला पुरणपोळी आहे असं सांगावं.

मी बारावीनंतर डीटीपीचा कोर्स केला. अण्णांना ते फारसं रुचलं नव्हतं, पण बोलले नाहीत. मग सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास मी आमच्या घराच्या पुढच्या खोलीचा गाळा करून त्यात एक कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर मांडला. लग्नपत्रिका, बायोडाटा, सोसायट्यांच्या नोटिसा. काम येऊ लागलं आणि त्याचबरोबर माझं डोकंही तापू लागलं, कारण माझ्या कॉम्प्युटरवर मराठीचे जे चार-पाच फॉन्ट होते त्यांतल्या एकाचंही अक्षर मला पटत नव्हतं. लहानपणापासून अण्णांची अक्षरं बघून डोळे बिघडले होते. नवऱ्यामुलीच्या नावात ‘ळ’ आला की मला कसंतरीच व्हायचं. चष्मा उलटा ठेवल्यासारखा ‘ळ’.

त्याच वर्षी अण्णांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कपबशी वाजायची, मग ब्रश. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे वाढत जाणार असंही सांगितलं. सकाळी दोन-अडीच तास हात बरा असायचा, उन्हं वर आली की त्यांच्या ताब्यात राहायचा नाही. अंबडची कामं एकेक करून सुटली.

रविवार कारंजावर एक प्रेस होती, तिथे मी मोठ्या पत्रिका ऑफसेटला द्यायची. त्या प्रेसमध्ये मॅक होता, छपाईवाल्यांचा महागडा, वेगळ्या जातीचा कॉम्प्युटर. मॅक चालवणारा घोटीचा होता, रोज एसटीने यायचा जायचा, आणि प्रेसमध्ये सगळे त्याला मॅकवालाच म्हणायचे. एकदा अण्णा माझ्याबरोबर आले होते. मी फॉन्टच्या नावाने बोटं मोडत होते आणि अण्णा काउंटरवरच्या रद्दी कागदावर पेन्सिलीने काहीतरी गिरवत बसले होते. मॅकवाल्याने तो कागद उचलला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, “अण्णा, तुमचं अक्षर लय भारी हाय. ह्याचा फॉन्ट करू.”

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलतोय. पण त्याने खरंच मनावर घेतलं. अण्णांना बटर पेपरचे ताव आणून दिले, प्रत्येक अक्षर चार इंच उंच काढायला सांगितलं. पुढचे चार महिने आमच्या घरात सकाळी कोणी मोठ्याने बोलायचं नाही असा नियमच झाला. अण्णा डाव्या हाताने उजवं मनगट धरून बसायचे आणि दिवसाला दोन, फार तर तीन अक्षरं काढायचे. ‘क्ष’ला तीन दिवस लागले. ‘ळ’ मात्र पहिल्या फटक्यात आला. आठवड्यातून एकदा ते ती अक्षरं घेऊन बसने रविवार कारंजावर जायचे आणि मॅकवाला त्याचं काम संपल्यावर ती स्कॅन करून, कडा साफ करून, एकेका बटणावर बसवायचा. त्याने याचे पैसे घेतले नाहीत. वर अण्णांना चहा पाजायचा.

अक्षरं पुरी झाली त्या दिवशी मीही गेले होते. मॅकवाला बटणं दाबत गेला आणि पडद्यावर अण्णांची अक्षरं एकामागून एक येऊन उभी राहिली. त्याने ‘शाळा’ लिहिलं, ‘फळे’ लिहिलं, मग नुसतेच दहा-बारा ‘ळ’ ओळीने लिहिले, अण्णांना हसवायला. अण्णा हसले नाहीत. पडद्याच्या अगदी जवळ जाऊन म्हणाले, “हे मी नाही लिहिलं. पण हात माझाच आहे.” आणि त्यांनी आपला थरथरता हात खिशात घातला. मला तेव्हा फार आनंद झाला होता, इतका की येताना मी त्यांना बसमध्ये खिडकीची जागा दिली आणि स्वतः उभी राहिले.

तो फॉन्ट माझ्या पीसीवर लगेच चालणार नव्हता. मॅकची गोष्ट मॅकवर, पीसीची पीसीवर. मध्ये काहीतरी सॉफ्टवेअर लागतं आणि ते तो मिळवणार होता. तेवढ्यात दिवाळी आली आणि दिवाळीनंतर प्रेसच्या मालकांनी मॅक मुंबईच्या एका पार्टीला विकायचा ठरवला. त्याच्या जागी पीसी येणार होते, स्वस्त पडतात म्हणून. मॅक न्यायला टेम्पो यायच्या आदल्या दिवशी मॅकवाल्याने पीसीला चालेल अशा फ्लॉपीवर फॉन्ट उतरवला आणि माझ्या हातात दिला. म्हणाला, “जपून ठेवा ताई. आता एवढीच हाय. सॉफ्टवेअर आलं की मी येतो.” मॅक आतलं सगळं पुसूनच द्यायचा होता. बटर पेपरही घरी उरले नव्हते. स्कॅन होऊन परत आले की अण्णा त्यांना ब्रश पुसायचे. “कॉम्प्युटरात गेली ना आता,” असं म्हणून. काही जपून ठेवायची त्यांना सवयच नव्हती. बोर्ड रंगवला, टांगला, विषय संपला.

आता माझ्या सवयीबद्दल सांगते, कारण सगळं तिथेच अडकलेलं आहे. त्या काळात फ्लॉपीतून व्हायरस यायचे. आमच्या क्लासच्या सरांनी आम्हाला एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून दिली होती: कोणाचीही फ्लॉपी आली की आधी लपलेल्या फाइली दाखवायची खूण चालू करा, आणि आपण न केलेलं, ओळखीचं नसलेलं जे काही लपून बसलेलं दिसेल ते शिफ्ट धरून डिलीट करा. जो लपतो तो चोर. आम्ही सगळ्या मुली हे इतक्या निष्ठेने करायचो की हात आपोआप चालायचा. डोळ्यांनी बघायची गरजच पडायची नाही. माझ्या गाळ्यात व्हायरस शिरला नाही याचा मला अभिमान होता आणि तो मी चारचौघांत मिरवायचे.

दोन-चार दिवस मी दम धरला. मग एका दुपारी राहवलं नाही. चालणार नाही हे माहीत होतं, तरी निदान बघावं तरी, म्हणून फ्लॉपी घातली. नेहमीप्रमाणे आधी साफसफाई केली. एक फोल्डर लपून बसलं होतं, त्याचं नाव रिसोर्स असं काहीतरी, आणि सोबत एक कसलीशी फाइल. दोन्ही मी उडवली. मग उरलेल्या फाइलकडे नीट बघितलं. अण्णा. शून्य केबी.

माझा राग नाकावरच बसलेला असतो, त्याला यायला वेळ लागत नाही. चार महिने माझ्या आजारी वडिलांना बसने येरझारा घालायला लावल्या आणि शेवटी रिकामी फ्लॉपी हातावर टेकवली, असं मला वाटलं. त्या तिरिमिरीत मी आणखी एक गोष्ट केली. समोर गिऱ्हाईक पत्रिकेसाठी थांबलं होतं, कोरी फ्लॉपी नव्हती, आणि ही तर रिकामीच होती. मी त्या गिऱ्हाइकाची पत्रिका तिच्यावर चढवली, त्याला प्रिंट काढून दिली आणि फ्लॉपी ठेवून घेतली. ती शून्याची फाइल तेवढी पुसली नाही. पुरावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी अण्णांना घेऊन प्रेसमध्ये गेले. मॅकची जागा मोकळी होती, मॅकवाला नव्या पीसीसमोर बसला होता. मी सगळ्यांच्या देखत बोलायला सुरुवात केली. काय काय बोलले ते आठवतं आणि आठवलं की कान गरम होतात. जमत नव्हतं तर तसं सांगायचं होतं, म्हाताऱ्या माणसाची थट्टा कशाला केलीत, घोटीची माणसं अशीच, असंही म्हणाले. घोटीचा काय संबंध होता? त्याने शांतपणे माझ्या हातातून फ्लॉपी घेतली, पीसीत घातली आणि पडद्याकडे बघत राहिला. बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, आता थापा शोधतोय.

अण्णा म्हणाले, “तू जरा खाली जा, तीन चहा सांगून ये.” मी तणतणत खाली गेले. परत आले तेव्हा अण्णा उठून उभे होते. “चल,” म्हणाले. “राहू दे. जमलं नसेल त्याला.” मॅकवाल्याने मान वर केली नाही. “चुकलं माझं, ताई,” एवढंच तो म्हणाला. मी फ्लॉपी काढून घेतली, चहा तसाच टेबलावर राहिला.

गाळ्यावर तोपर्यंत बोर्ड नव्हता. अण्णांच्या फॉन्टमधूनच अक्षरं कापून बोर्ड करायचा असं ठरलं होतं. आता अण्णा म्हणाले, “मीच रंगवतो.” त्यांनी पत्रा आणला, लाकडी चौकटीवर ठोकला, पांढरा रंग दिला. दोरा ताणून रेघा आखल्या. आधी सगळी अक्षरं पेन्सिलीने काढायची आणि मग वरून खाली रंगवत यायचं ही त्यांची पद्धत. रोज सकाळी थोडं थोडं असे चार दिवस ते त्या पत्र्यासमोर बसले होते. मी आत कामात असायचे आणि खरं सांगायचं तर मला बाहेर जाऊन बघवत नव्हतं. वर ‘डीटीपी सेंटर’, त्याखाली ‘लग्नपत्रिका, बायोडाटा’, त्याखाली ‘मराठी व इंग्रजी टायपिंग’. अक्षरं थरथरली होती. उभी रेघ मध्येच डोलायची, वेलांटी एका बाजूला कलायची. पाचव्या दिवशी ते शेवटच्या ओळीसाठी ब्रश धुऊन बसले तेव्हा मी बाहेर आले आणि म्हणाले, “असू द्या अण्णा. कळतं लोकांना. एवढं बास.”

मी हे त्यांच्या हातावर दया करून म्हटलं, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं कारण तसं नव्हतं. मला त्या अक्षरांची लाज वाटत होती. समोरून जाणारे लोक बोर्ड बघून कॉम्प्युटरचं कामही असंच वाकडंतिकडं करते असं समजतील, ही भीती होती. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, ब्रश टर्पेंटाइनमध्ये ठेवला आणि म्हणाले, “बरं.”

तीनेक वर्षांत फ्लेक्स आले. समोरच्या झेरॉक्सवाल्याने गुलाबाची फुलं असलेला, रात्री उजेड पडणारा बोर्ड लावला. मीही लावला. फ्लेक्सवाला म्हणाला, जुना पत्रा काढायची गरज नाही, त्यावरच स्क्रू मारतो, आधार राहील. अण्णा खुर्ची टाकून खाली बसले होते. झाल्यावर म्हणाले, “छान झालं. लांबून वाचता येतं.” पुढच्याच वर्षी ते गेले. शेवटचं वर्षभर त्यांना सहीसुद्धा जमत नव्हती.

मॅकवाल्यावरचा माझा राग मात्र जिवंत होता. जेवताना विषय निघाला की मी त्याला शिव्या घालायची. अण्णा म्हणायचे, “जाऊ दे गं, चांगला मुलगा होता.” एकदा सीबीएसच्या बसस्टँडवर तो समोरून आला, त्याने हात वर केला, आणि मी तोंड फिरवून बसमध्ये चढले. ती बस सिन्नरची होती. मला सिन्नरला जायचंच नव्हतं. पुढच्या स्टॉपला उतरून चालत परत आले.

मग दहा वर्षांनी ते पेन ड्राइव्हचं प्रकरण सुरू झालं. कॉलेजची मुलं प्रोजेक्ट छापायला पेन ड्राइव्ह आणायची आणि त्यात एक व्हायरस असायचा, तो मुलांचे फोल्डर लपवून टाकायचा. पोरं रडकुंडीला येऊन म्हणायची, “मॅडम, सगळं गेलं.” एका मासिकाबरोबर विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सची सीडी फुकट आली होती, ती मी मागच्या खोलीतल्या जुन्या पीसीवर चढवली आणि मला एक मजेशीर गोष्ट कळली. विंडोज जे लपवतं ते लिनक्सच्या फाइल मॅनेजरला लपलेलं वाटतच नाही. त्याच्याकडे लपवायची रीत वेगळी, ज्या नावाच्या आधी टिंब असेल ते लपवायचं. विंडोजला त्या टिंबाचं काही देणंघेणं नाही. एका घरात पसारा माळ्यावर टाकतात, दुसऱ्या घरात पलंगाखाली सरकवतात, तसं. पहिल्या घरचा पाहुणा आला की त्याला नेमकं पलंगाखालचंच दिसतं. मी पेन ड्राइव्ह त्या जुन्या पीसीत घातला की मुलांचे फोल्डर राजरोस समोर यायचे. मुलं मला जादूगार समजायची आणि मी समजू द्यायची.

त्या पीसीला फ्लॉपीचा ड्राइव्ह होता आणि तो आता मरणपंथाला लागला होता. म्हणून एका रविवारी सकाळी मी जुन्या फ्लॉपी काढून त्यांतलं उतरवून घ्यायला बसले. त्यात एक फ्लॉपी मॅकवाल्याच्या अक्षरातली निघाली: ‘नक्षी’. लग्नपत्रिकेच्या कडेला टाकायच्या वेलबुट्टीचा फॉन्ट त्याने कधीतरी दिला होता. तोही मॅकचा, म्हणून मी ती कधी पीसीत घातलीच नव्हती. आता घातली. पडद्यावर ‘नक्षी’ नावाची फाइल आली, शून्य केबी. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, हीसुद्धा रिकामी, आणि शेजारी बघितलं. शेजारी, लपलेलं वगैरे काही नाही, भर पडद्यावर, एक फोल्डर होतं. रिसोर्स. ते उघडलं तर आत पुन्हा ‘नक्षी’. अडतीस केबी.

तेव्हा मला कळलं. मॅक एकाच फाइलचे दोन भाग सांभाळतो. पीसीच्या फ्लॉपीवर उतरवताना तो नाव बाहेर ठेवतो आणि जीव त्या लपलेल्या फोल्डरमध्ये. फॉन्टचं तर सगळंच्या सगळं आत असतं, बाहेर नुसतं शून्य. अण्णांची फ्लॉपी रिकामी नव्हती. मी केली होती. चार महिन्यांच्या सकाळी, तीन दिवसांचा ‘क्ष’, पहिल्या फटक्यातला ‘ळ’, सगळं मी शिफ्ट धरून उडवलं होतं आणि वर कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका चढवली होती. त्या दिवशी गाळा उघडला नाही. तिथेच बसून हमसून हमसून रडले.

दुसऱ्या दिवशी प्रेसमध्ये जाऊन मॅकवाल्याचा पत्ता काढला आणि घोटीची बस धरली. भाताच्या गिरणीला लागून एक शेड होती. तिथे तो तांदळाच्या गोण्यांवर नावं छापायचं काम करत होता, जाळीची स्क्रीन मारून. केस पांढरे झाले होते. मला बघून त्याने हातातलं काम ठेवलं आणि एका रिकाम्या खोक्यावरची धूळ झटकून मला बसायला दिलं. मी बसले नाही. वाटेत जुळवलेली वाक्यं सगळी विसरले. “चूक माझी होती,” म्हणाले. “ते फोल्डर मी उडवलं होतं. मला काल कळलं.”

“मला तवाच कळलं व्हतं, ताई,” तो म्हणाला. “फ्लॉपी लावली आन् बघितलं, फोल्डर नाय. म्हटलं परत काढता येतंय का बघू, तर वर पत्रिका बसलेली.”

“मग बोलला का नाहीत?”

“अण्णा नको म्हनले.”

 तो सांगत होता, की मी चहा सांगायला खाली गेले तेव्हा अण्णांनी त्याला विचारलं, काय झालंय ते खरं सांग. त्याने सांगितलं. अण्णा म्हणाले, “पोरीला सांगू नकोस. तिचं दुकान नवीन आहे. एकदा हात भ्यायला लागला की काम होत नाही, माझा बघतोयस ना. तुझ्यावर घेशील?” आणि हा म्हणाला, घेतो.

मला पहिल्यांदा आला तो रागच. अण्णांचा. चार वर्षं मी त्यांच्यासमोर बसून एका भल्या माणसाला शिव्या देत होते आणि हे शांतपणे भात कालवत होते. मग मी त्या खोक्यावर बसले. ज्या हातांवर माझं सगळं चाललं, ते हात भ्यायले नव्हते, कारण दोन माणसांनी त्यांना भिऊ दिलं नव्हतं. मला अण्णा हवे होते. त्या क्षणी, त्या शेडमध्ये, समोर उभे राहून मला चार शब्द सुनवायला. 

मॅकवाल्याने पाणी आणून दिलं. मग म्हणाला, “अण्णांच्या हातचं काहीच नाय ऱ्हायलं?”

काहीच नाही, असं मी म्हणाले. अंबडच्या भिंती पुन्हा रंगल्या होत्या, शाळांवर फ्लेक्स आले होते. फोटो आम्ही कशाला काढतोय? आणि म्हणता म्हणता थांबले. गाळ्यावरच्या फ्लेक्सच्या मागे पत्रा होता. इतकी वर्षं मी रोज त्याच्याखालून शटर उघडत होते.

पुढच्या रविवारी सकाळी तो घोटीहून आला. मी शेजारून शिडी आणली, तो वर चढला, गंजलेले स्क्रू एकेक करून काढले. फ्लेक्स खाली पडला आणि धूळ उडाली. ऊन न लागल्यामुळे रंग जसाच्या तसा होता, कालच दिल्यासारखा. ‘डीटीपी सेंटर. लग्नपत्रिका, बायोडाटा. मराठी व इंग्रजी टायपिंग.’ डोलणाऱ्या रेघा, कललेल्या वेलांट्या. ज्या अक्षरांची मला लाज वाटली होती ती बघून मला ती पोटाशी धरावीशी वाटली. अक्षरं गिरवून घेऊन पुन्हा फॉन्ट करता येईल म्हणून मी बटर पेपर आणून ठेवला होता. खालूनच एकेक अक्षर मोजू लागले. बरीच होती. ‘ळ’ नव्हता.

“एवढ्यांत फॉन्ट व्हनार नाय,” मी काही म्हणायच्या आत तो वरून म्हणाला. मग पत्र्याच्या खालच्या भागाजवळ तोंड नेऊन त्याने फुंकर मारली, शर्टाच्या बाहीने धूळ पुसली आणि तसाच थांबला. “ताई, वर या. खाली पेन्सिल हाय.”

तो उतरला, मी चढले. शेवटच्या रंगवलेल्या ओळीखाली दोन बारीक रेघा होत्या आणि त्यांच्यामध्ये, तिरकं बघितलं तरच दिसेल अशी, पेन्सिलीची पुसट अक्षरं. ‘करून मिळेल.’ हात फार थरथरला होता, एकेक रेघ दोन-तीनदा गिरवलेली होती. पण ‘ळ’ नीट मांडी घालून बसला होता. त्यात फक्त रंग भरायचा राहिला होता, मी नको म्हटलं म्हणून.